एकोणीस वेळा मेलेले गुलाबराव

नट व्हायचं म्हणून माणसं मुंबईला जातात. आमचे हे रायपूरला आले. यांचं गाव वडसा, तिथून मुंबई लांब पडत होती आणि रायपुरात मावसभाऊ राहत होता, एवढंच कारण. पण गुलाबराव मात्र मान किंचित तिरपी करून सांगतात, "मी छत्तीसगडची माती निवडली." मुलाखतीत सांगायचं वाक्य आहे ते. मुलाखत आजवर कुणी घेतलेली नाही. कधीतरी घेईल म्हणून तेहतीस वर्षं माझ्यावर तालीम चालू आहे.

मी अंजनाबाई रामटेके. जन्म इथलाच, खमतराईचा. रेल्वेच्या दवाखान्यात ड्रेसर होते, म्हणजे जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या. बत्तीस वर्षं तेच केलं. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून बोट तुटलेली माणसं यायची आणि ओठ दाबून गप बसायची. घरी यावं तर नवऱ्याची दाढ दुखत असायची आणि त्याचे तीन अंक झालेले असायचे. दुखणं कशाला म्हणतात आणि नाटक कशाला म्हणतात, ते मला दुरून ओळखू येतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे ही बाई जळून बोलते असं कुणाला वाटायला नको. वाटलं तरी माझं काही जात नाही.

तर यांची कारकीर्द. गावाकडे झाडीपट्टीच्या नाटकांत हे हवालदार व्हायचे, दोन वाक्यांचे. रायपूरला आल्यावर सिलतऱ्याच्या एका कारखान्यात टाइमकीपर लागले आणि इथल्या मराठी कला मंडळात शिरले. मंडळाचे दिग्दर्शक होते श्यामकांत मुळे. कडक माणूस, पण नाटकावर जीव. १९९४ साली स्पर्धेच्या नाटकात मुळ्यांनी यांना प्रेताचं काम दिलं. बोलायचं नव्हतं, फक्त पडून राहायचं होतं. तिसऱ्या अंकात नायिका प्रेतावर डोकं टेकून रडतेय, आणि प्रेताच्या नाकावर माशी बसली. प्रेतानं हात उचलला, नाक खाजवलं आणि हात पुन्हा व्यवस्थित छातीवर ठेवला. प्रेक्षक पोट धरून हसले. बक्षीस गेलं. पडदा पडल्यावर मुळे सगळ्यांदेखत यांना म्हणाले, "तुला मेलेलंसुद्धा धड राहता येत नाही." त्या दिवसापासून मंडळ सुटलं आणि दोघांचं बोलणंही सुटलं.

पुढे राज्य वेगळं झालं, छत्तीसगढी सिनेमे धडाधड निघायला लागले. यांनी टाइमकीपरची नोकरी सोडली. मला विचारलं नाही, सांगितलं. चेहरा चांगला आहे, ते मी नाकारत नाही. कपाळ रुंद, मिशी भरदार, डोक्याला पागोटं बांधलं की कुणालाही पाया पडावंसं वाटेल. तोंड उघडलं की संपलं. इतकी वर्षं इथं राहून यांची छत्तीसगढी 'हव', म्हणजे 'हो', या एका शब्दापाशी अडलेली, आणि तो 'हव'सुद्धा वडश्याचा वाटतो. पहिल्या सिनेमात नायकाच्या बापाचं काम मिळालं. चार वाक्यं होती. सदतीस रीटेक झाले. शेवटी दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला आणि कथाच बदलली. बाप सिनेमा सुरू होण्याआधीच मेला. यांचा पागोट्यातला फोटो काढला, हार घातला आणि नायकाच्या घरात भिंतीवर टांगला.

सिनेमा चालला. सिनेमावाले भारी वहमी, शकुन-अपशकुन मानणारे. गुलाबराव भिंतीवर असले की पिक्चर चालतं, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच पसरलं. मग काय, जिथं बाप मेलेला तिथं आमचे हे. एकोणीस सिनेमे. फोटो तोच, पागोटं तेच, फक्त भिंत बदलायची आणि समोर रडणारी माणसं बदलायची. पडद्यावर नाव एकदाही आलं नाही. टेबलाचं आणि पंख्याचं नाव येतं का कुठं. ते यांना फार लागायचं. "पूर्ण पिक्चर माह्या आठवणीवर उभं आहे, अन् नाव त्या चहावाल्याचं," म्हणायचे.

फोटो नुसता पाठवला तर चाललं असतं. पण हे फोटोसोबत स्वतः सेटवर जायचे. खिळ्याखाली उभे राहून हार डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या, असं करायचे. २००८ मध्ये माझे वडील वारले, त्या दिवशी हे अभनपूरकडे शूटिंगला होते. निरोप सकाळी नऊला गेला. हे आले संध्याकाळी, सगळं आटोपल्यावर. म्हणाले, "फ्रेम वाकडी लागली होती." माझा खरा बाप मेला तेव्हा हा माणूस खोट्या बापाची फ्रेम सरळ करत होता. ते मी विसरलेली नाही. त्या वर्षापासून घरात एक नियम केला. आमच्या भिंतीवर हार दोनच तसबिरींना, बुद्धाला आणि बाबासाहेबांना. तो पागोटेवाला फोटो उंबऱ्याच्या आत येणार नाही.

आला नाही. पण त्या फोटोची एक प्रत दुसरीकडे लटकून राहिली, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

एक शूटिंग मंडळाच्या जुन्या हॉलमध्ये झालं होतं. शूटिंगवाले सामान घेऊन गेले, हार घातलेली फ्रेम तिथंच विसरली. शिपायानं ती उचलून मंडळाच्या वारलेल्या लोकांच्या फोटोंच्या रांगेत लावली. त्याचं काय चुकलं? ज्याला हार तो मेला. पुढे जुने सभासद एकेक करून गेले, कुणी वर आणि कुणी पुण्याला पोरांकडे. मुळे मुलीकडे बिलासपूरला गेले. मंडळ आलं नव्या रायपूरच्या ऑफिसांतल्या तरुण लोकांच्या हातात. चांगली शिकलेली पोरं, पण इथं येऊन कुणाला चार वर्षं झालेली, कुणाला दोन. त्यांनी यंदा ठरवलं की रंगभूमी दिनाला दिवंगत कलावंतांचाही सन्मान करायचा. यादी कुठून काढली? त्या रांगेवरून.

ऑक्टोबरात माझ्या मोबाइलवर फोन आला. त्या शूटिंगच्या वेळी हॉलच्या रजिस्टरात यांनी माझाच नंबर लिहिला होता. मी स्पीकर लावून मेथी निवडत होते.

"नमस्कार काकू, मी यामिनी, मराठी कला मंडळाची सचिव. आधी तुमची क्षमा मागते, आम्ही फार उशिरा आठवण काढतोय. कैलासवासी गुलाबराव रामटेके सरांना आम्ही यंदा मरणोत्तर सन्मान देतोय."

कैलासवासी गुलाबराव समोर बनियनवर बसून पायाची नखं काढत होते. नेलकटर तसंच धरून माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं, तर यांनी दोन्ही हात हलवून मला थांबवलं. तिकडे यामिनी सांगत होती, शाल, सन्मानचिन्ह, आणि सरांच्या जीवनावर दहा मिनिटांची फिल्म, नाव मोठ्या अक्षरांत. आम्ही एकोणीसही चित्रपट बघितले, म्हणाली. बिचारी पोरगी. एवढी शिक्षा कुणी केली होती तिला.

"मी कळवते," म्हणून मी फोन ठेवला. मला वाटलं, आता हे चिडतील. जिवंत माणसाला मेलेला म्हणतात म्हणजे काय, असं ओरडतील. चिडले खरे.

"कैलासवासी काहून म्हणते ते? आपल्यात कालकथित म्हणतात. त्याहिले सांग, पत्रिकेवर कालकथित लिहा."

"मी त्याहिले सांगतो का तुमी जिवंत आहा," मी म्हणाले.

"कायले? जिवंत माणसाचा पुरस्कार श्यामकांतले देऊन राहिले. जीवनगौरव. म्या व्हॉट्सअॅपवर पाह्यलं. जिवंतात माहा नंबर लागत नाही अंजना. मेल्यांत लागला. मोठ्या अक्षरात नाव येऊन राहिलं, अन् तू सांगतो का जिवंत आहे?"

"मंग सन्मान घ्यायले कोण जाईन? तुमचं भूत?"

"तू जाजो ना. दोन शब्द बोलून देजो. तुले काय जाते?"

सहावी पास झाल्याचं सर्टिफिकेट मिळावं म्हणून सातवीतून नाव काढून घेणारा पोरगा मी पाहिला नाही, पण नवरा पाहिला. मी त्याच वेळी यामिनीला फोन करून खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. येते म्हणून कळवलं, आणि पत्रिकेवर कालकथित लिहा, हेही. कारण सरळ आहे. हा माणूस कुठवर खाली जातो, ते मला बघायचं होतं. आणि आणखी एक कारण होतं, ते कबूल करायला लाज वाटते. मला वाटत होतं, ऐन वेळी हा उठेल. भरल्या हॉलमध्ये आपल्या नावानं माणसं डोळे पुसताना पाहून कुणालाही उठावंसं वाटेल. इतका काही हा गेलेला नाही.

मुलगा यशदीप नव्या रायपुरातच एका ऑफिसात आहे. त्याला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला. "मम्मी, मैं नहीं आ रहा. पापा पीछे बैठे रहेंगे और मैं उनकी फोटो पे फूल चढ़ाऊँ?" मराठी त्याला सगळी कळते, बोलत नाही. पण त्या दिवशी घरात शहाणं तेवढंच कुणी बोललं.

यांनी माझं भाषण स्वतः लिहिलं. दोन पानं. 'गुलाबराव म्हणजे वटवृक्ष होते' इथून सुरुवात. लाल पेनानं कडेला सूचना: इथे थांबणे, इथे पदर डोळ्याला लावणे. रोज संध्याकाळी मला समोर उभं करून तालीम. एका दिवशी वैतागून म्हणाले, "तू एकदम सपाट बोलून राहिली अंजना. नवरा मेला तुहा. रेशनचं दुकान बंद नाही झालं."

"रेशनचं दुकान बंद झालं असतं तं मले रडू आलं असतं," मी म्हणाले.

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. माझ्याकडे निरखून बघत होते, मेकअपवाला बघतो तसं. मग हळूच म्हणाले, "अन् ते पोत. त्या दिवसापुरती काढून ठेवजो. पहिल्या रांगेतून दिसते."

काळ्या मण्यांची साधी पोत आहे माझी. लग्नात माझ्या वडिलांनी केलेली. ड्यूटीवर किती जणांचं रक्त तिच्यावर उडालं असेल, प्रत्येक वेळी घरी येऊन धुतली, पण काढली कधी नाही. मला राग यायला हवा होता. राग आला नाही, वाईट वाटलं. या माणसाचं वाईट वाटायचं केव्हाच बंद झालं, असा माझा समज होता. मी तिथंच पोत काढली आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकली.

"आत्ता नाही वं, त्या दिवशी."

"तालीम नको का?" मी म्हणाले.

पाच नोव्हेंबरला चार वाजता कार्यक्रम होता. मला न्यायला मंडळाची गाडी आली. वारलेल्या माणसाला त्या गाडीत बसता येईना, म्हणून हे बारा वाजताच बसनं निघाले. डोक्याला माकडटोपी, तोंडाला मास्क. त्या उन्हात माकडटोपी. जाताना मला बजावलं, "वटवृक्षावर जोर देजो."

हॉल नव्या रायपुरातला, गार, अर्धा भरलेला. मला पहिल्या रांगेत बसवलं. यामिनी माझा हात हातात घेऊन बसली, पोरीचे हात मऊ होते. मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, माकडटोपी होती.

फिल्म लागली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नाव आलं, 'कालकथित गुलाबराव रामटेके'. मग तो फोटो, एका घरात, दुसऱ्या घरात, मातीच्या भिंतीवर, बंगल्याच्या भिंतीवर, एकोणीस वेळा. लोक गंभीर होऊन बघत होते. कुणालाही हसू आलं नाही, याचंच मला हसू येत होतं. मागे टोपी ताठ झालेली.

मग जीवनगौरवासाठी श्यामकांत मुळ्यांना वर नेलं. ऐंशीच्या पुढे गेलेत. वॉकर धरून चालतात. आता स्वतःचं कौतुक करतील असं वाटलं, तर ते माझ्याकडे बघून बोलायला लागले.

"वहिनी, मला इथं आल्यावर पत्रिकेत कळलं, की गुलाबराव गेला." वॉकर जरा पुढे सरकवला. "चौऱ्याण्णव साली मी त्याला चारचौघांत नको ते बोललो. तुला मेलेलंसुद्धा धड राहता येत नाही, असं म्हणालो. एक माशी बसली हो नाकावर. माणूस आहे, खाजवणार. बक्षीस गेलं याचा राग मी त्याच्यावर काढला. त्यानं मंडळ सोडलं. एकतीस वर्षं मी म्हणत होतो, एकदा फोन करीन, माफी मागीन. नंबर होता माझ्याकडे. केला नाही. आता कुणाची मागू?"

आणि ते रडायला लागले. वॉकरवर दोन्ही हात, त्यामुळे डोळे पुसता येईनात. यामिनी धावली. मी बत्तीस वर्षं दुखणं पाहिलंय. ते खरं होतं. तिथल्या सगळ्या खोट्यात तेवढंच खरं होतं, आणि ते एका टोपीवाल्यासाठी वाया चाललं होतं.

मग मला बोलावलं. शाल हातात दिली, सन्मानचिन्ह दिलं, तो फोटोही दिला, हारासकट. माइक तोंडापुढे आला. पिशवीतली दोन पानं मी काढली नाहीत.

"मले भाषण येत नाही," मी म्हणाले. "मुळे सर, तुमी माफी मागितली. आमचे हे कसेही असोत, एवढे वाईट नाहीत. हे असते ना, तं आता उठून उभे राह्यले असते. तुमच्याजवळ आले असते."

आणि मी थांबले.

मी सरळ शेवटच्या रांगेकडे बघत होते. तेहतीस वर्षांत या माणसाला मी एवढा मोठा प्रवेश दिला नव्हता. काही बोलायचंही नव्हतं, फक्त उठायचं होतं. लोक हसले असते, गोंधळ झाला असता, यामिनीची फजिती झाली असती. पण तो म्हातारा हलका होऊन घरी गेला असता. मी मनात म्हणत होते, उठा, आता तरी उठा.

हे उठले नाहीत. मास्क होता, टोपी होती, आत घामाच्या धारा लागल्या असणार. नाकाला खाज सुटली असणार. पण मांडीवरचा हात हलला नाही. मानही हलली नाही. श्यामकांत मुळ्यांना एकतीस वर्षांपूर्वी जसं हवं होतं, तसं प्रेत शेवटी त्यांना मिळालं.

मी "जय भीम" म्हणून खाली उतरले. मुळ्यांपाशी गेले आणि पदरानं त्यांचे डोळे पुसले. "त्याहिनं तुमाले माफ केलं," म्हणाले. खोटं बोलले. दुसरं काय देणार होते.

परत येताना यामिनी गाडीत सोबत होती. नव्या रायपूरचे रस्ते एवढे रुंद आणि एवढे रिकामे, की एकटा उभा माणूस कोसभरावरून दिसतो. बसस्टॉपवर टोपी काढून, मास्क हनुवटीवर ओढून, हे उभे होते. गाडी पाहिली आणि हात केला. ड्रायव्हरनं वेग कमी केला.

"बिचारे आजोबा," यामिनी म्हणाली. "आता तासभर बस नाही. काकू, तुमच्या ओळखीचे आहेत का? घ्यायचं का त्यांना?"

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. कपाळ रुंद, मिशी भरदार, फक्त आता पांढरी, आणि पागोटं नाही, म्हणून पोरीला ओळखू आले नाहीत.

"नाही," मी म्हणाले. "माह्या ओळखीचे नाहीत."

हे घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. तोवर मी फ्रिजच्या वर, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या समोरच्या भिंतीवर, खिळा ठोकून तो फोटो लावला होता. दारातूनच यांना दिसला. चेहरा असा खुलला की सांगता सोय नाही. चप्पल न काढता आत आले, फ्रेम थोडी डावीकडे सरकवली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली.

"बरोब्बर," म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अन् तू ते शेवटचं वाक्य कुठून आणलं वं? हे असते तं उठले असते. म्या तं लिहिलं नव्हतं. पण जमलं. श्यामकांत कसा रडला, पाह्यलं ना? पुढच्या टायमाले त्या वाक्याच्या आधी जरा थांबजो."

गॅसवर चहा उकळला होता, तो मी गाळला. खुर्चीवर बसून प्यायला लागले.

"माहा चहा?"

पोत डाळीच्या डब्यात होती. अजून तिथंच आहे.

"अंजना, माहा चहा कुठं आहे?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघत चहा संपवला. मग उठून कप धुतला आणि पालथा घातला. एकच होता.